मास्तरांचे सहा मुद्दे

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. दुकानाच्या बोर्डावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते कोणी वाचत नसे. गिऱ्हाइकं, शेजारी, इतकंच काय, सख्खी सासूसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. ते पुरुषांच्या पँट आणि शर्ट शिवायचे. पुढची खोली दुकानाची. मागच्या खोलीत बायको काजं, बटणं, तुरपाई आणि इस्त्री करायची. मास्तर "माझं दुकान" म्हणत तेव्हा ही मागची खोली त्यांनी हिशेबात धरलेली असे की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

सोळा वर्षं दुकान रडतखडत चाललं. आणि तीन वर्षांपूर्वी काय झालं कोण जाणे, गिऱ्हाइकांची रीघ लागली. एक पँट शिवून नेलेला माणूस महिन्याभरात दुसरी शिवायला यायचा आणि येताना मेहुण्याला घेऊन यायचा. विशेषतः पोट सुटलेले, चाळिशी ओलांडलेले, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे लोक तर मास्तरांवर फिदा झाले. बँकेतले साहेब एकदा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुमची पँट घातली की बारीक झाल्यासारखं वाटतं हो!"

मास्तरांनी हे वाक्य जपून ठेवलं आणि त्याचं श्रेय आरशाला दिलं.

कारण आरसा नवा होता. भरभराट झाली की माणूस आपण काय काय शहाणपणा केला ते आठवू लागतो, आणि आठवायला बसलं की शहाणपणाला काय तोटा? मास्तरांना आठवलं की त्याच साली आपण तीन पानांचा आरसा आणला, बोर्ड निळा करून घेतला, गिऱ्हाइकासाठी गादीची खुर्ची ठेवली, थंड पाण्याचा माठ ठेवला, तारखेला कपडे द्यायचा नेम धरला आणि आल्या माणसाकडे बघून हसायला लागलो. झाले सहा मुद्दे.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली होती. मास्तरांच्या गळ्यातल्या टेपचं टोक झिजून फाटलं आणि त्यावरची पत्र्याची टोपी निघून पडली. बायकोने ते टोक आत दुमडलं, बारीक टाके घातले आणि टोपी चिमट्याने दाबून पुन्हा बसवून दिली. टेपचे पहिले दोन-तीन आकडे तर हाताने घासून केव्हाच पुसले गेले होते, त्यामुळे टेप होती तशीच दिसत होती. पण ही काय लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट? मास्तरांनी नाही ठेवली.

त्यांच्या उस्तादांनी एक शिस्त लावून दिली होती: अंगाचं माप टेपने घ्यायचं, पण कापडावर खुणा लोखंडी पट्टीनेच करायच्या, कारण टेप ताणली जाते आणि पट्टी कोणाच्या बापाला बधत नाही. मास्तर ही शिस्त देवाची आज्ञा असल्यासारखी पाळत. शिवाय गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी दर वेळी माप नव्याने घेत आणि वहीत लिहीत. त्या वहीत तीन वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीची कंबर एकदम अर्ध्या इंचाने वाढल्याची नोंद होती. मास्तरांनी ती पाहिली होती आणि लोकांना बरे दिवस आले असा तिचा अर्थ लावला होता. पँटची लांबी तेवढी ट्रायलच्या वेळी अंगावर बघून ठरायची, आणि जास्तीचं कापड बायको तुरपाईत जिरवायची.

व्यापारी मंडळाने मास्तरांना वार्षिक सभेत बोलायला बोलावलं. विषय होता, "धंदा वाढतो कशामुळे?" मास्तरांनी नमुने कापायचा खाकी कागद घेतला, जाड पेनाने सहा मुद्दे लिहिले आणि तो मंचाच्या भिंतीवर डकवला. पाऊण तास बोलले. आरशावरच वीस मिनिटं गेली. शेवटी हार्डवेअरवाल्याने विचारलं, "मास्तर, यात शिवणाबद्दल काहीच कसं नाही?"

"शिवण काय, सगळेच शिवतात," मास्तर म्हणाले. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. तो एका गोदामात वजनकाट्यावर नोकरीला होता. माणूस नाकासमोर चालणारा, काटा एका रेघेने हलला तरी पुन्हा वजन करणारा. लहानपणी दोघंही एकाच उस्तादांकडे शिवण शिकले होते, पण घरात एकाचा तरी ठरलेला पगार यावा म्हणून धाकटा नोकरीला लागला होता. सभेनंतर तो म्हणाला, "दादा, दुसरं दुकान काढूया? मी बघेन."

"अरे, सहा मुद्दे तर आहेत आपल्याकडे! अगदी डोळे झाकून काढ."

मास्तरांच्या बायकोने एवढंच विचारलं, "भाऊजी, नोकरी राहू देऊन नाही का करता येणार?" धाकट्याने नोकरी सोडली.

बस स्टँडच्या पलीकडे दुकान थाटलं. आरसा तीन पानांचाच, बोर्ड त्याच निळ्या रंगाचा, गादीची खुर्ची त्याच दुकानातली, माठसुद्धा तेवढ्याच मापाचा. खाकी कागदावरचे सहा मुद्दे मास्तरांनी पुन्हा स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला लावले. बाकी कात्री, पट्टी, टेप असलं किरकोळ सामान धाकट्याने बाजारातून नवं आणलं.

पहिल्या महिन्यात मास्तरांच्या नावावर बरेच लोक आले. दुसऱ्या महिन्यात त्यांतले थोडे आले. चौथ्या महिन्यात धाकटा माठातलं पाणी स्वतःच पीत बसायला लागला. बरं, तक्रार म्हणावी तर एकही नाही! शिवण सुबक, खिसे सरळ, पँट अंगाबरहुकूम. आता अंगाबरहुकूम पँट घालून जेवायला बसलं की काय होतं, ते ज्याचं त्याला कळतं. पण ते शिंप्याला सांगायचं म्हणजे आपलं पोट वाढलंय हे कबूल करायचं. तेवढा मोठेपणा कोणाकडे असतो? लोक पँट घेऊन जात, छान झाली म्हणत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत.

मास्तरांनी रोगाचं निदान केलं. "तू हसत नाहीस," ते धाकट्याला म्हणाले.

"हसतो की, दादा."

"ते हसणं नव्हे. दात दुखल्यासारखं वाटतं. आरशासमोर सराव कर."

मग आरशाची पानं थोडी आत वळवून झाली. मग खुर्ची दाराकडून काढून खिडकीकडे नेली. मग बोर्डाचा निळा रंग एक छटा गडद आहे असा शोध लागला आणि तो पुन्हा रंगवला. गिऱ्हाईक काही वळलं नाही. प्रत्येक वेळी मास्तर मान हलवून म्हणत, "मुद्दे बरोबर आहेत, अंमलबजावणी चुकतेय." अंमलबजावणी म्हणजे धाकटा, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. धाकट्याला सर्वांत आधी कळत होतं.

सहा महिने झाले. एका शुक्रवारी संध्याकाळी तो मास्तरांकडे आला, वहिनीने दिलेला चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाला, "दादा, गोदामात माणूस हवाय म्हणतात. सोमवारी साहेबांना भेटून येतो. तुमचं सगळं बरोबरच आहे. माझ्यातच काही नाही."

आईवडील गेल्यावर याला मास्तरांनीच वाढवलं होतं, आणि इतक्या वर्षांत तो स्वतःबद्दल असं कधी बोलला नव्हता. "उद्याचा दिवस थांब," ते म्हणाले. "उद्या मी येऊन बसतो. बघ कसं करतात ते."

शनिवारी सकाळी मास्तर भावाच्या दुकानात जाऊन हसत उभे राहिले. योगायोगाने बँकेतले साहेबच आले, रस्त्यात मास्तर दिसले म्हणून. मास्तरांनी धाकट्याची टेप घेतली, साहेबांच्या कमरेला लावली आणि ओरडले, "साहेब, बारीक झालात! गेल्या महिन्यात साडेअडतीस होतात, आज अडतीस!"

"छे हो," साहेब म्हणाले. "उलट दोन किलोने वाढलोय. डॉक्टरांनी परवाच झापलं."

तासाभराने औषधवाला आला, तोही जुनं गिऱ्हाईक. मास्तरांना नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असत. हाही अर्ध्या इंचाने वाळला होता. त्याच्या पाठोपाठ आलेला वाचनालयातला माणूसही तसाच. "या बाजूची हवाच बाधते लोकांना," मास्तर पुटपुटले, पण या वेळी त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. "जेवून येतो," असं सांगून ते घरी आले आणि न जेवताच आपली टेप लोखंडी पट्टीवर अंथरून बसले.

पट्टी एक सांगत होती, टेप दुसरंच.

बायको इस्त्री ठेवून बाहेर आली. "काय झालं?"

"ही टेप... हिचं टोक..."

"दुमडलं होतं ना मी. फाटलं नव्हतं का ते?"

"किती दुमडलंस?"

"असेल अर्धा इंच."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही आरसा कुठे लावायचा ते बघत होतात."

तीन वर्षं सगळ्यांना कमरेत अर्धा इंच सैल पँट देणारी ती टेप खिशात घालून मास्तर परत निघाले. वाटेत त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली, आणि ती बरी होती हे मान्य केलं पाहिजे. थोरल्या भावाची आठवण म्हणून ही टेप धाकट्याला द्यायची. दुकान आपोआप चालायला लागेल, सोमवार टळेल, सहा मुद्दे शाबूत राहतील आणि वाटल्यास सातवा वाढवता येईल. बस स्टँड ओलांडेपर्यंत त्यांचं हे पक्कं ठरलं होतं.

दुकानाच्या दाराशी मात्र ते थांबले. आत गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा आरशासमोर उभा होता आणि हसून बघत होता. जमत नव्हतं, म्हणून चेहरा पुसून पुन्हा हसत होता. आरशाच्या तिन्ही पानांत ते हसणं दिसत होतं.

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ते आत गेले, टेप टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. धाकट्याने टेप पट्टीवर सरळ केली, टोक जुळवलं, बराच वेळ बघितलं, आणि सवयीने पुन्हा एकदा जुळवून बघितलं.

"सहा महिने, दादा," तो म्हणाला. "रोज सकाळी दुकान उघडून मी आधी हसत होतो."

मास्तरांनी गादीची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"म्हणजे माझा हात वाईट नाही?"

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," मास्तर म्हणाले. "उस्ताद जायच्या आधी मला हेच सांगून गेले होते. तुला सांगायला म्हणाले होते. मी नाही सांगितलं."

धाकटा खाली बसला. गादीच्या खुर्चीत नव्हे, मशीनच्या स्टुलावर. डोळे पुसले, तेही खांद्यावरच्या नव्या टेपनेच. मास्तरांनी चाचरत विचारलं, "ही पण दुमडून घ्यायची का? वहिनीला सांगतो."

"नको. टेप खरीच राहू दे," धाकटा म्हणाला. "अंगाचं माप खरं घेईन आणि कापताना अर्धा इंच जास्तीचा सोडेन. मला माहीत असलेलं बरं."

तो उठला. नवा नमुना बेतायला कागद हवा होता आणि दुकानात शिल्लक नव्हता. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग भिंतीवरचा खाकी कागद चारी कोपऱ्यांतून हलकेच सोडवला, उलटा करून टेबलावर पसरला आणि खडूने कमरेची रेघ मारली. कापताना कागद सरकू नये म्हणून मास्तरांनी दुसरं टोक धरून ठेवलं.