मशिदीवरचा कळस

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर उगारलेल्या कुऱ्हाडी पाहिल्या. त्यातल्या कुणाचाच मला इतका राग आला नाही. खून करणाऱ्याला निदान आपण काय केलं ते कळत असतं. या प्रकरणातला माणूस शेवटपर्यंत साळसूद राहिला, आणि लोकांनीही त्याला तसंच राहू दिलं. मी कुणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं बाजाराचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी फौजदार होतो.

किल्लारीच्या भूकंपाला काही वर्षं झाली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. मी बंदोबस्त लावून ठाण्यात येऊन बसलो, तेवढ्यात स्टँडसमोरचा हॉटेलवाला मागच्या दाराने आत आला. हा माणूस सहसा ठाण्याची पायरी चढत नसे.

"साहेब, बाजारात एक कागद फिरायलाय. लोकं लई तापलेत. तुमी बगा एकदा, न्हाईतर उद्या काय खरं न्हाई."

झेरॉक्स केलेला, हाताने लिहिलेला कागद होता. वर मोठ्या अक्षरात मजकूर होता, 'सीमेपलीकडे आपलं मंदिर पाडलं! पाडणारा आपल्याच गावात मोकाट!' खाली हद्दीपलीकडच्या एका देवळाचं नाव आणि काळपट फोटो. दगडांचा ढीग, मोडलेलं लाकडी तुळवट, आणि ढिगावर हातात पहार घेऊन उभा असलेला गोल टोपीतला माणूस. छपाई कितीही काळी असली तरी माणूस ओळखू येत होता. स्टँडजवळ ज्याचं गॅरेज होतं तो मिस्त्री.

मी गॅरेजवर पोचेपर्यंत दगड पडायला सुरुवात झाली होती. पत्रे वाजत होते आणि मिस्त्री आत एका ट्रॅक्टरच्या आडोशाला बसला होता. दोन शिपायांच्या मधून त्याला जीपमध्ये घातलं आणि ठाण्यात आणलं. त्याला कोठडीत न टाकता आतल्या खोलीत बसवलं. कुणी विचारलंच तर प्रतिबंधक कारवाई केली आहे असं सांगायला मी ठाणे अंमलदाराला बजावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोर्चा निघणार होता आणि तो मुस्लिम मोहल्ल्यावरूनच जाणार होता. वरिष्ठांचा फोन आला. "एकशे त्रेपन्न-अ, धार्मिक तेढीचं कलम लावा आणि मिस्त्रीची अटक दाखवा. लोक शांत होतील."

"साहेब, गुन्हा घडलाय की नाही ते तरी बघू द्या."

"मोर्चा निघायच्या आत बघा. नाहीतर अटक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी अर्धापूरचा, केळीच्या बागांत वाढलेला. केळीचा घड पिकलेला आहे की पावडर टाकून पिवळा केलेला आहे, हे बघायला आम्हाला लहानपणी शिकवतात. इथे तर लोकांनी रंग बघूनच सौदा केला होता. मी जीप काढली आणि हद्दीपलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदाराने कागद पाहिला आणि तो हसायलाच लागला.

"एनू आगिल्ला साब! कुछ नहीं हुआ. चलो, दिखाता हूँ."

देऊळ जागेवर होतं. पुजारी गाभारा धूत होता. एक चिरा हललेला नव्हता. माझी वर्दी पाहून पुजारी काळजीने म्हणाला, "तुमच्याकडं दंगल झाली म्हणं? आमच्याकडं तसंच सांगायलेत सगळे." मी तिथल्या फौजदाराकडून तसा अहवाल लेखी घेतला आणि परतलो.

गावातली पाच-पन्नास जाणती माणसं ठाण्यासमोर जमली होती. मी त्यांना अहवाल वाचून दाखवला, देऊळ डोळ्यांनी पाहून आलो असं सांगितलं. एक वयस्क शेतकरी म्हणाला, "पन साहेब, फोटो हाय की! फोटो काय खोटं बोलतो व्हय?"

"अहो, देऊळ उभं आहे."

"मंग दुसरं पाडलं आसंल."

मला वाटलं, आता यांना काय सांगावं! माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांना तो डांबरासारखा काळा कागद खरा वाटत होता. शिकलेसवरलेले मान डोलावत होते, ते तर जास्तच.

त्या गर्दीतून वाट काढत 'सर' पुढे आले. गावात सगळे त्यांना सरच म्हणत. मूळचे इथलेच, लातुरात क्लास काढलेले. दहावीला ज्याला बरे मार्क पडतील ते पोर त्यांच्याकडे, आणि राहायलाही त्यांच्याच वसतिगृहात. ते आले की माणसं खुर्चीवरून उठत. पांढरा शर्ट, हळू आवाज. ते शांतता समितीचे सदस्य होते. माझ्यासमोर बसून, माझा चहा पीत ते म्हणाले, "साहेब, लोकभावना समजून घ्या. तुम्ही मिस्त्रीला अटक करा, मी मोर्चा थांबवतो. शब्द माझा." मी बघतो म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा आधारच वाटला होता.

मग मिस्त्रीला विचारायला बसलो. इतका वेळ त्याला कुणी कागद दाखवलाच नव्हता. आपल्यावर दगड का पडले हेही त्याला धड माहीत नव्हतं. त्याने कागद उजेडात धरला, जवळ नेला, लांब धरला.

"हा मीच हाय साहेब." मग त्याने ढिगावर बोट ठेवलं. "ही तर भूकंपातली जागा हाय. मी ट्रकचे जॅक घेऊन गेलतो तिकडं. माती भिजून जड झालती, तुळया हलत नव्हत्या. जॅक लावून उचलाव्या लागत होत्या."

"हे देऊळ होतं का?"

"कशाचं देऊळ! कुणाचं तरी घर होतं. देऊळ बी न्हाई, मस्जिद बी न्हाई. ह्या ढिगाखाली मायलेकी होत्या. लेक जिती निगाली." एवढं बोलून तो मराठी विसरला. "मैं तो लोगां को निकालरा था साब. तोडने को नहीं गया था."

मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. रागाने माझे कान गरम झाले होते. पण त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर मोर्चा थांबणार नव्हता, हेही मला कळत होतं.

तेवढ्यात माझा हवालदार मोहल्ल्यातून परत आला. त्याच्या हातात आणखी एक कागद होता. तिथेही कागद वाटला गेला होता आणि तिथली जवान पोरंही लाठ्याकाठ्या गोळा करत होती. तोच फोटो, तोच ढीग, तेच तुळवट. फक्त मिस्त्री जिथे उभा होता ती बाजू कापलेली. मजकूर हिंदीत, देवनागरी अक्षरात, 'सरहद के उस पार हमारी मस्जिद शहीद! मस्जिद का कळस तोड़ दिया!'

मी ती ओळ पुन्हा वाचली. मस्जिद का कळस! मशिदीला मिनार असतो, घुमट असतो. कळस चढतो तो देवळावर. मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरानेही हा शब्द लिहिला नसता. शिवाय हिंदीत ळ आला कुठून? लिहिणारा घरी मराठी बोलणारा, देवळात जाणारा माणूस होता, आणि मुसलमानांच्या नावाने मुसलमानांना पेटवत होता. दोन्ही कागदांवरचं अक्षर वळणाने एकच होतं. एकाच ढिगाऱ्याचं त्याने एका गल्लीत देऊळ केलं आणि दुसऱ्या गल्लीत मशीद.

आता प्रश्न एकच उरला, कागद आला कुठून? ज्यांच्या हातात तो आधी दिसला त्यांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "कुनीतरी दिला साहेब." पोलिसाला हा 'कुणीतरी' जन्मभर भेटत असतो. मी नाद सोडला आणि हवालदाराला म्हणालो, घरच्या बायकांना विचारू. पहिल्याच घरातली बाई सरळ बोलली.

"डब्यासंगं आला की. डबा धुवाया घेतला, तर पिशवीत घडी घालून ठिवलेला."

"कुठला डबा?"

"पोरगा लातूरला क्लासला हाय न्हवं का. सकाळच्या यष्टीनं भाकरी पाठवतो, रिकामा डबा सांजच्या गाडीनं येतो."

आमच्या भागात हे घरोघर चालतं. पोरगं लातुरात शिकायला, आणि आईच्या हातची भाकर रोज एसटीने त्याच्यामागे. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून झाकणावर रंगाने नाव घातलेलं असतं. मी मोहल्ल्यातल्या एका घरी गेलो. तिथेही तेच उत्तर, तसाच डबा, फक्त झाकणावरचं नाव मुसलमानाचं. मग सगळं लख्ख दिसायला लागलं. कुणीतरी झाकणांवरची नावं वाचत बसला होता. हिंदूच्या डब्याला देवळाचा कागद, मुसलमानाच्या डब्याला मशिदीचा. पोरांची भाकरी ज्या डब्यातून जाते त्याच्याच सोबत हे विष घरात पाठवताना त्याला काही वाटलं नसेल? त्या क्षणी तो समोर असता तर माझ्या हातून कायद्याबाहेरचं काहीतरी घडलं असतं.

सगळे डबे लातुरातल्या एकाच वसतिगृहातून निघत होते. सरांच्या.

सर रात्रीच क्लासवर परतले होते. सकाळीच लातूर गाठलं. तिथल्या पोलिसांना आणि दोन पंचांना सोबत घेतलं. क्लासमध्ये नोट्स काढायला स्वतःचं झेरॉक्स मशीन होतं. सरांच्या कपाटात फोटोंची पाकिटं निघाली. भूकंपाच्या वेळी ते विद्यार्थ्यांना घेऊन मदतीला गेले होते आणि गळ्यात कॅमेरा होता. निगेटिव्हची पट्टी खिडकीत धरली. ढिगावरचा मिस्त्री तिच्यात होता. त्याच्या पुढच्याच चौकटीत तोच मिस्त्री एका पोरीला पाठीवर घेऊन उतरत होता. पंचनामा केला आणि सरांना समोर बसवलं.

ते जराही गडबडले नाहीत. "वसतिगृहात शंभर लोक येतात-जातात. मशीन कुणीही वापरतं," म्हणाले. मी वाद घातला नाही. हिंदी कागद पुढे सरकवला आणि सहज विचारलं, "सर, मशिदीला कळस असतो का हो?"

"छे, मिनार. ते घाईत राहून..."

आणि ते थांबले. जन्मभर पोरांच्या चुका दुरुस्त करणारा माणूस स्वतःची चूक दुरुस्त करून मोकळा झाला होता. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग सगळं बाहेर आलं. पंचायत समितीच्या निवडणुकीत त्यांना आमच्या गावातून उभं राहायचं होतं. दोन्ही गल्ल्या भडकल्या असत्या, मग सरांनी मधे पडून त्या शांत केल्या असत्या आणि दोन्हीकडची मतं घेतली असती. मी म्हणालो, "हा माणूस तिथे काय करत होता हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. फोटो तुम्हीच काढला होता."

ते चष्मा पुसत म्हणाले, "पण फोटोत ते दिसत नाही ना, साहेब."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुपारपर्यंत गावात परतलो. स्टँडवरच्या फलकावर दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले आणि मधे निगेटिव्हवरून धुऊन आणलेले दोन्ही फोटो. हिंदू आले, मुसलमान आले, एकमेकांच्या खांद्यावरून बघून गेले. मोर्चा निघाला नाही. मिस्त्रीला मी स्वतः गॅरेजवर सोडलं. दुसऱ्या दिवसापासून लोक मोटारसायकली घेऊन पुन्हा त्याच्याकडे यायला लागले. "चुकलो बाबा" असं त्याला एकानेही म्हटलं नाही.

खटला उभा राहिला आणि पडला. डब्यात कागद आला होता असं सांगणारे सगळे साक्षीदार कोर्टात फिरले. जिने मला सरळ उत्तर दिलं होतं तिचा नवरा ठाण्यात येऊन हात जोडून म्हणाला, "पोराचं बारावीचं वर्स हाय साहेब. सरांच्या इरोधात कसं बोलावं?" सर सुटले. दहावी-बारावीच्या निकालांच्या दिवसांत त्यांचे फोटो चौकाचौकात लागत राहिले, गुणवंतांच्या मधोमध, हार घातलेले.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुणी फोटो पुढे केला की मी तो कुठला, कधीचा, कुणी काढला हे विचारतोच, पण त्याआधी विचारतो, हा नेमका माझ्याच हातात का दिला? त्या गावातल्या एकाने जरी झाकणावरच्या आपल्या नावाकडे बघून हा प्रश्न विचारला असता तरी मिस्त्रीचे पत्रे वाजले नसते. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि कागदाला एसटीची वाट बघावी लागत नाही. लोक मात्र अजून तेच म्हणतात, फोटो हाय की.

माझी बदली व्हायच्या आधी पावसाळ्यात गावाबाहेरच्या पुलावरून एक ट्रक उलटला. चालक आणि दोन मजूर केबिनमध्ये अडकले. मिस्त्रीला निरोप धाडला. तो गॅस कटर घेऊन लगेच आला, पण रस्त्यावरच थांबला. खाली गर्दी होती आणि वर्तमानपत्राचा एक फोटोवाला ट्रकभोवती फिरत होता.

"मिस्त्री, काय झालं? चला की."

तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमी माज्याजवळ उभं ऱ्हावा. फोटोत तुमची वर्दी बी दिसाया पायजे."

मी त्याच्या खांद्याला खांदा लावून चिखलात उतरलो. तिसरा माणूस बाहेर येईपर्यंत तो पत्रा कापत होता आणि मी तिथून हललो नाही.