श्वासाची रेघ

दादा वीस वर्षं रॅप लिहितो आणि म्हणतो. टीव्हीवर तो कधी दिसला नाही, पण गोडाउनमध्ये नाहीतर जिमच्या तळघरात जमणाऱ्यांना त्याच्या ओळी पाठ असतात.

रविवारी कार्यक्रमाआधी त्याची गाण्यांची वही, पेन्सिलीसकट, माझ्या हातात होती. श्वास घ्यायचा तिथे तो पेन्सिलीने उभी रेघ मारतो. पहिल्या गाण्यात आठ ओळींनंतर एक रेघ होती, मधल्या गाण्यांत चार ओळींनंतर. हल्लीच्या गाण्यांत प्रत्येक ओळीला आहे. जिन्यात दम लागला की आपण फोन आल्याचं नाटक करतो. हा दम कुठे लागतो ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

“आज पहिलं गाणं घेतोय,” तो म्हणाला.

“आठ ओळी एका दमात? मध्ये एक रेघ मार ना, दादा.”

“त्या गाण्याला हात लावायचा नाही.”

तो माइकसमोर गेला. मी ओळींवरून बोट फिरवत होते. पाचवीला त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. सहावीनंतर त्याने श्वास घेतला. समोरच्यांना कळलंही नाही. मला तो स्पष्ट ऐकू आला.

उतरताच त्याने हात पुढे केला. “वही दे. पेन्सिलही.”

मी वही दिली. “पेन्सिल कुठे पडली कोण जाणे,” म्हणाले, आणि पर्स घट्ट धरली.