नवरीच्या डोळ्यांतला चौकोन

आज जयनगरच्या फोटो प्रदर्शनात माहिती सांगायचा माझा पहिलाच दिवस होता, आणि तासाभरात मी लेबलावरच शंका काढली!

साठच्या दशकातल्या दोन स्टुडिओवाल्यांचं काम तिथे समोरासमोरच्या भिंतींवर लावलंय. गुंडप्पा खिडकीच्या उजेडात फोटो काढायचे, नरसिंगराव दोन दिव्यांखाली. फोटोत आधी डोळे बघायचे, हे मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शाळेत जायच्याही आधी घरीच शिकवलं. गुंडप्पांच्या माणसांच्या डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकतो, नरसिंगरावांच्या माणसांच्या डोळ्यांत दोन गोल ठिपके.

आणि नरसिंगरावांच्या भिंतीवरच्या एका नवरीच्या डोळ्यांत चक्क चौकोन होता.

मी दोन्ही भिंतींवरचे डोळे पुन्हा एकदा तपासले. माझंच चुकत असलं तर? पण लोकांना खोटं सांगवेना. शेवटी प्रदर्शन मांडणाऱ्या शैलजाअक्कांना गाठलं.

"अगं, एकेक लेबल तीनदा तपासलंय मी!" म्हणत त्यांनी फ्रेम उतरवली. "सरी, ठीक आहे, बघूनच टाकू."

मागे नरसिंगरावांनी कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'वीज गेली. नवरी रडू लागली. गुंडप्पाच्या खिडकीशी बसवून मी फोटो काढला.'

लेबल बरोबर आणि मीही बरोबर! अक्का इतक्या हसल्या की वॉचमन आत डोकावला.

आता अडलंय एवढंच, की फोटो कुणाच्या भिंतीवर लावायचा? अक्का म्हणतात, ज्यानं काढला त्याच्या. मी म्हणते, ज्यानं खिडकी दिली त्याच्या. तुम्ही कुठे लावाल?