थोरलीची नीलगिरी

माझ्या सासूबाईंचे गुडघे आठवडाभर माझे असायचे आणि गुरुवारी जाऊबाईंचे. आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. आम्ही तेव्हा संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत राहायचो, आणि थोरले दीर-जाऊ चिंचवडला कंपनीच्या ऐसपैस ब्लॉकमध्ये. चाकणकडचं घर बंद करून सासूबाई आल्या त्या आमच्याकडं. का, तर जाऊबाईंच्या घरी जिना चढायला होता. बरं.

रोज सकाळी मी स्टोव्हवर तिळाचं तेल कोमट करायची, त्यात कापूर विरघळवायची आणि चोळायला बसायची. सासूबाई हूं की चूं करायच्या नाहीत. झालं की लुगडं खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "चहा टाक."

मग एकदा जाऊबाई उटीला जाऊन आल्या. तिथून नीलगिरीच्या तेलाची बाटली आणली, हिरवट काचेची. दर गुरुवारी दिरांबरोबर येताना ती पर्समध्ये घालून आणायच्या, माझ्याच वाटीत माझंच तिळाचं तेल घ्यायच्या, वरून नीलगिरीचे चार थेंब सोडायच्या आणि बांगड्या मागं सारून बसायच्या. खोलीभर वास. दोन थेंब रुमालावर टाकून तो सासूबाईंच्या नाकाशी धरायच्या. "दीर्घ श्वास घ्या आई, मन कसं शांत होतं बघा." सासूबाई डोळे मिटायच्या. "आगं बया! लई बरं वाटलं. थोरलीच्या हाताला गुण हाय."

आणि सहा दिवस चोळणारी मी? मी आत कांदे चिरत असायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा! शेजारणी दारात येऊन विचारायच्या, "काय गं, थोरली आली वाटतं? वास आला." म्हणजे माझं येणं-जाणं कुणाच्या नाकाला कळतच नव्हतं.

शेवटी मी पिंपरी बाजारात गेले. तिथल्या अत्तरवाल्या चाचांकडं नीलगिरी मिळायची. त्यांनी बूच काढून माझ्या नाकाखाली धरलं, डोळ्यांतून पाणीच आलं. "भाभी, नुसतं लावू नका हं, आग होईल. तेलात घाला." मी म्हटलं, ठाऊक आहे, बघत आलेय ना दर गुरुवारी.

शुक्रवारपासून सुरू केलं. तेच चार थेंब, तोच रुमाल, तसाच दीर्घ श्वास. सासूबाईंनी नाक मुरडलं. "ह्यात थोरलीच्या तेलाची मजा न्हाई." नवरा रात्रपाळीहून आला तो दारातच म्हणाला, "दवाखाना काढलास काय गं?" बोलून मोकळा.

पुढच्या गुरुवारी जाऊबाई आल्या, पर्स उघडली आणि "अगं बाई, बाटली विसरले!" म्हणाल्या. मी फडताळातून माझी काढून दिली. काय मनात होतं ते सांगायला नकोच. आता ऐकू दे हिला म्हटलं, सासूबाईंना नाक मुरडू दे हिच्यासमोर! मुद्दाम दारात उभी राहिले.

जाऊबाईंनी चोळलं. सासूबाईंनी डोळे मिटले. "आगं बया! आता कसं! थोरलीच्या हाताचंच ह्ये काम."

मी दात आवळून सगळ्यांचा चहा केला. माझा नवरा दीर-जावांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेला, तेव्हा मात्र फुटले. "आई, ती बाटली माझी होती! माझी! चाचांच्या दुकानातली!"

"ठावं हाय की मला. फडताळातनं काढलीस तवा बघितलं न्हाई व्हय मी?"

"मग?"

"मग काय? तिला गोड बोलल्याबिगर ती यायची न्हाई. आन् ती न्हाई आली तर माझा थोरला येतोय व्हय? आठ दिसांनी एकदा त्याचं तोंड दिसतंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला कशाला बोलायचं? तू हायेसच."

मला रडू आलं. रागानं की कशानं, कोण जाणे. म्हटलं, "असेन. पण मलाही एकदा म्हणा की."

त्यांनी लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि पाय पसरले. "म्हनते. जरा थोरलीवानी हलक्या हातानं चोळ बगू."

मी वाटी जवळ ओढली. हात हलका केला, अगदी हलका. मान खाली, कान त्यांच्या तोंडाकडं. बराच वेळ चोळलं. मग वर पाहिलं, तर त्या घोरत होत्या.