पटावरचे एकोणीस

एप्रिलचा शेवटचा शनिवार. रक्कम नऊ हजार पाचशे रुपये. हजर तिघं: शाळेच्या बाई, माझी मुलगी आणि मी. बाई पाकिटात पाचशेची नोट घालत होत्या, मुलगी वर नाव लिहीत होती, मी मोजत होतो. एकोणीस पाकिटं झाली. त्या दिवशी शाळा बंद झाली.

डिचोली तालुक्यात, खाणीच्या जुन्या कँटीनच्या दोन खोल्यांत ती भरायची. आठवी ते दहावी. दुसरीकडे नापास झालेली, नाहीतर वडिलांचं खाणीवरचं काम गेल्यावर मधेच शाळा सुटलेली मुलं तिथे यायची. माझी मुलगी नववीत गणितात चौदा गुणांवर अडकली तेव्हा मी तिला तिथे घातलं. खरं सांगायचं तर नाइलाजाने. फी नव्हती. पाचशे रुपये अनामत, तीही मुलाच्या हातून घ्यायची आणि शाळा सोडताना मुलाच्याच हातात परत द्यायची, आईबापांकडे नाही, हा बाईंचा नियम.

दुसरा नियम हजेरीचा. कुणाचंही नाव पटावरून काढायचं नाही. मूल दोन दोन महिने आलं नाही तरी त्याचं नाव रोज पुकारायचं, आणि सगळ्या वर्गाने मिळून ओरडायचं, "येतली!" मुलगा असला तर "येतलो!" येणार आहे म्हणून.

मी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. शनिवारी सुट्टी, म्हणून शाळेची कागदपत्रं लिहून द्यायला जायचो. खिडकीजवळच्या मेजापाशी बसून ते ओरडणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. एका मुलीच्या नावाला आवाज जास्तच चढायचा. ती नववीत होती. माझ्या मुलीहून लहान, पण अपूर्णांक तिनेच माझ्या मुलीला शिकवले, जमिनीवर चिंचोके मांडून. ऑक्टोबरात तिच्या मावशीचा हात मोडला आणि ती धारगळला गेली. हमरस्त्याच्या कडेला मावशीचा केळ्यांचा आणि काजूंचा गाडा होता, तो सांभाळायला.

जानेवारीत फॉर्म आला. शाळेचं भाडं एक विश्वस्त संस्था भरायची. तिची अट एकच, किमान पंधरा मुलं. फॉर्म तीन आठवडे माझ्याकडे होता. मी तीन महिन्यांची हजेरी काढली, येणारी मुलं मोजली आणि आकडा घातला. चौदा.

"पटावर एकोणीस आहेत," बाई म्हणाल्या.

"पाच येत नाहीत, बाई. त्यांना धरलं तर खोटं होईल."

"येणार नाही म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? विचारलंत त्यांना?"

"हजेरीच सांगते की."

"मी एकेकाच्या घरी जाऊन येते, मग लिहू."

"आज शेवटची तारीख आहे."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग सही केली. मार्चमध्ये पत्र आलं, जूनपासून भाडं मिळणार नाही.

पाकिटं मोजून झाल्यावर मी पुन्हा मोजायला घेतली, तर मुलगी बाईंना म्हणाली, "मोजू द्या त्यांना. बाबांचा आकडा कधी चुकतो?" माझ्याकडे बघितलं नाही.

त्या वर्षी दहावीला सहा बसली, पाच पास झाली. माझ्या मुलीला गणितात एकसष्ट. निकाल लागला तेव्हा पेढे कुठे न्यायचे हे आम्हाला कळेना. आता ती म्हापशाला कॉलेजात जाते. मी शनिवारी घरीच असतो. दहाच्या सुमाराला, म्हणजे हजेरीच्या वेळी, चहा पुढ्यात असतो आणि कान कुठेतरी लागलेले असतात. बायको म्हणते, "कुणाची वाट बघताय?" दोन खोल्यांतला तो आरडाओरडा पुन्हा एकदा ऐकायला मिळाला तर मी हसणार नाही, एवढंच.

त्या पाकिटांपैकी चौदा बाईंनी मुलांच्या हातात दिली. न येणाऱ्यांची पाच मी मागून घेतली. एक मुलगा ट्रकवर क्लीनर झाला होता. "आता कसली शाळा, काका," म्हणत त्याने नोट खिशात घातली. दोघी बहिणी बापाबरोबर सिंधुदुर्गात गावी परतल्या होत्या, चौथा हॉटेलात भांडी घासत होता. चौघांपैकी कुणीच शाळेचं काही विचारलं नाही. माझा आकडा बरोबर होता असं मला वाटायला लागलं होतं.

पाचवं पाकीट घेऊन मेच्या एका दुपारी धारगळला गेलो. घरापासून स्कूटरवर पाऊण तास. तिने लांबूनच ओळखलं.

"काका! केळी व्हयी काय बाईंका?" आणि मी काही बोलायच्या आत, "शाळा जूनच्या पयल्या सोमवारी उगडता मगे? मी येतलंय. मावशीचो हात बरो झालो. बाईंका सांगा."

तराजूखाली गणिताची वही होती. तिने ती पुढे केली. नववीचं पुस्तक तिने एकटीनेच संपवत आणलं होतं. मी सवयीने तपासायला लागलो. चार पानं तपासली, एकही उदाहरण चुकलं नव्हतं. मावशी गाड्यामागून म्हणाली, "जानेवारीपासून माका सांगता, जूनात माका सोड म्हणान."

जानेवारीपासून. मी वही मिटली.

"शाळा बंद झाली गो," मी म्हटलं. "मी मुलं मोजली, त्यात तुला धरलं नाही. एक कमी पडलं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पाकिटाकडे. गिऱ्हाईक आलं, तिने त्याला डझनभर केळी मोजून दिली, सुटे परत केले. मग हात पुसून पाकीट घेतलं आणि पावतीवर सही केली. इयत्तेच्या रकान्यात तिने लिहिलं, दहावी.

पाचशे रुपये तिला पोचले. ती नोट तिने गाड्याच्या गल्ल्यात टाकली नाही, वहीत ठेवली.