औंढ्याचा दोन पक्षांचा साकव

“निवडणूक बघायला कोणी गावाला जातं का?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मी पिशवी उचलली.

पुण्याहून सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गात टोपीवाले आणि पागोटेवाले, दोन्ही पक्षांची भाषणे फुकट ऐकायला मिळतात. लोणावळ्यास चहा घ्यावा, गुडदाणी बांधून घ्यावी आणि औंढ्याची वाट पायीच धरावी. गावाआधी ओढा लागतो. पावसाळ्यात तो चढला की गावचे दूध लोणावळ्यास पोचत नाही. साकवासाठी गाव वर्षानुवर्षे अर्ज करी. सरकार प्रत्येक अर्जाची पोच देई.

मी पोचलो ते मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. ओढ्यावर चक्क कोरा साकव, मोटार जाईल एवढा!

“कोणी बांधला?” ओसरीवर दूध गाळणाऱ्या तुळसामावशींना मी विचारले. मत जमीनवाल्यांनाच; नवऱ्यामागे जमीन त्यांच्या नावावर, म्हणून मतही होते.

“दोगांनी. टोपीवाले म्हनले, मत द्यायला मोटारीत बसा. म्या म्हनलं, गुडघं धरल्यात, दारात मोटार आनंल त्याच्यात बसंन.”

टोपीवाल्यांनी ओढ्यात दगडी खांब रचले. ते फळ्या आणायला गेले, तेवढ्यात पागोटेवाल्यांनी आपल्या फळ्या ठोकल्या. नल आणि नील एकाच पक्षाचे, म्हणून सेतूला पाच दिवस लागले. एरवी दोनात आटोपता.

“मग बसलात कोणाच्या मोटारीत?”

“जाताना येकाच्या, येताना दुसऱ्याच्या.”

इतक्यात पागोटेवाला कार्यकर्ता पहार घेऊन आला. “मावशी, फळ्या वखारीतून भाड्यानं आणल्यात. काढून नेतो.”

मावशींनी दुधाची चरवी बाजूला सरकवली. पावसाळ्यातले सगळे दूध त्या फळ्यांवर होते.

“न्या की. टोपीवाले उद्या दुसऱ्या घालतील. फुडच्या बारीला मग त्यांचीच मोटार दारात!”

तो घुटमळला. “मत कुणाला दिलंत, तेवढं तरी सांगा.”

“तुमालाच की, लेका!”

पहार खांद्यावर टाकून तो गेला. दुपारी टोपीवाला दगडांची आणि मताची चौकशी करायला आला. त्यालाही हेच उत्तर मिळाले, गूळपाण्यासकट.

परतताना मावशी डोक्यावर चरवी घेऊन साकवावरून पुढे चालल्या होत्या. त्यांना गाठताना माझीच दमछाक झाली.

“जिंकलं कोण?” घरी विचारणा झाली.

“निकाल लागायचाय. ओढा मात्र हरला.”

पक्षांनी गावे फुटतात, असे मी आजवर बरेच लिहिले. ते खोडत नाही. पण आमच्या गल्लीतला दिवा कित्येक दिवस बंद आहे, आणि कार्यकर्ते दिसले की हल्ली मी ओट्यावर बसून डोळे चोळू लागतो.