मनालीची तयारी आणि राखेचा ढीग

माझ्या मोठ्या दिरांनी मनालीला जायचे ठरवले, त्या दिवशीच जावेचे कपाळ फुटले. नागपूरच्या एका तांदूळ व्यापाऱ्याने बर्फावर स्की लावून घसरतानाचे आपले फोटो दाखवले होते. दीर घरी आले ते पेटूनच. "तो जाड्या घसरते, मंग मी काऊन नाई?" जाऊ फक्त एवढेच म्हणाली, "तिथी थंडी भारी राह्यते म्हणे." हातातला स्टीलचा पेला भिरकावला गेला. मी तिच्या कपाळावर हळद दाबून धरली आणि दीर शेजारी बसून रेल्वेच्या वेळापत्रकात डिसेंबरच्या गाड्या शोधू लागले.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. नागभीडजवळ आमची राइस मिल होती. माझ्या नवऱ्याला भावापुढे तोंड उघडायची सवय नव्हती आणि मला ते मिटायची. दीर माझ्यावर हात उगारत नसत, कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी लाटणे घेऊन समोर उभी राहिले होते. माझा सगळा राग त्या माणसावर होता आणि त्याचा सगळा राग त्या बिचारीवर. तिचे माहेर नागपूरला. कुठल्याशा मानपानाच्या भांडणावरून त्याने ते तोडून टाकले होते.

एका दुपारी ती त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी नागपूरहूनच पकडाची आहे ना? मी त्या गाडीत चढणार नाई. फलाटावर माय येईन. तिच्यासंगं निंघून जाईन. कोणाले सांगशील तं तो मले मारून टाकीन."

त्या दिवसापासून मनालीची हौस घरात सगळ्यात जास्त मला. दीर भडकून "जाणं कॅन्सल" म्हणाले की मी लगेच चहा ठेवायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुमच्यासारखा घसरणारा त्या मनालीनं पाह्यला नसन." खोटे बोलायला मला अजिबात जड गेले नाही.

नागभीडच्या टेलरकडून जाकिटे आली. मग दिरांच्या डोक्यात आले की तिथे पडलो तर हसे होईल, म्हणून सराव इथेच करायचा. मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा घराएवढा ढीग होता. बांबूच्या दोन लांब चिपा सुतळीने पायांना बांधून ते त्यावर चढले आणि दोन हातही घसरले नाहीत, तोच तोंडावर आपटले. एक हमाल हसला. दिरांनी पायांतल्या चिपा सोडल्या आणि त्यातली एक त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात हाणली की तो गुडघ्यांवर बसला.

तेवढ्यात जाऊ चहा घेऊन आली.

"तू बी हासली?"

"नाई जी, मी तं आत्ताच आली."

"तिकिटं फाडतो आता. तुले इथीच गाडतो!"

चीप तिच्या खांद्यावर बसली, किटली उडाली. दुसरा फटका कानावर बसला. मी धावले, पण त्याआधी तीच पळाली, भट्टीच्या राखेच्या ढिगाकडे.

उसना म्हणजे उकडा तांदूळ करायच्या भट्टीत कोंडाच जळायचा. त्याची राख वरून थंड, पांढरी दिसायची, पण आत निखारे दिवसेंदिवस धगधगत राहायचे. जाऊ रोज सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी तिथूनच विस्तव आणायची. कुठे पाय टाकायचा ते तिला ठाऊक होते. ती कडेकडेने वळसा घालून पळाली. दिरांनाही ढीग ठाऊक होता, पण रागाला काही ठाऊक नसते. तिला गाठायला ते सरळ मधून निघाले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

तशी किंकाळी मी पुन्हा ऐकली नाही. सगळे जागच्या जागी थिजले. जाऊ मात्र परत फिरली, त्यांच्या हातून पडलेली चीप तिने उचलली, तिचे टोक त्यांच्या हातात दिले आणि ओढून बाहेर काढले. मी असते तर ओढले नसते.

गावातल्या डॉक्टरने पाय बघितले आणि नागपूरला हलवायला सांगितले. आम्ही सगळे जीपमध्ये बसताना जावेने मनालीसाठी भरलेली बॅग आणली. नवरा दवाखान्यात म्हणजे बायकोची बॅग आलीच, कोणी काही विचारले नाही. "बरा झालो का पाह्यतो तुले," दीर वाटभर कण्हत होते आणि ती वर्तमानपत्राने त्यांच्या पायांना वारा घालत होती.

नागपूरला पट्ट्या बांधून झाल्या, इंजेक्शनने त्यांना झोप लागली. जावेने बॅगेतून लोकरीचे मोजे काढून उशाशी ठेवले. "पाय बरे झाले का घालून देजो," मला म्हणाली आणि बॅग उचलली.

"वहिनी, कुठी चालल्या?" माझा नवरा उठू लागला.

मी त्याचे मनगट धरले. "बसा."

तो बसला.

दीर जागे झाले तेव्हा डोळेही न उघडता त्यांनी पहिली शिवी तिला घातली. मग थोडा वेळ थांबून दुसरी. ती ऐकायला तिथे मीच होते.